गोदूबाईंच्या गाडीची वीज

महिपत शिवलकरांनी रत्नागिरीच्या तार ऑफिसात सव्वीस वर्षं बॅटऱ्या सांभाळल्या. काचेच्या बरण्यांत नवसागराचं पाणी भरायचं आणि झिजलेल्या जस्ताच्या कांड्या बदलायच्या, एवढंच काम. १९३१ साली नोकरी संपली. त्याच्या आदल्याच वर्षी बायको, चिमा, गेली होती. मूलबाळ नव्हतं. खाडीपलीकडे भाट्याच्या घरात दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघत नसे. म्हणून ते खाडीत होडी चालवणाऱ्या तरीवाल्याला उगाच भरतीची वेळ विचारत. ती त्यांना पाठच होती.

दोन वर्षांनी मांडवीच्या गोदूबाई, तारेतले बॅटरीवाले म्हणून त्यांचं नाव ऐकून, डोक्यावर खोका घेऊन खाडी ओलांडून आल्या. त्यांचा एकुलता मुलगा सदू आगबोटीवर खलाशी. रत्नागिरीत आगगाडी नाही, आईनं ती घरातच बघावी, म्हणून त्यानं विलायतेहून विजेवर चालणारी खेळण्यातली गाडी आणली होती. इंजिन, दोन डबे, गोल रूळ आणि वीज पुरवणारी काळी पेटी. मग सदू पुन्हा बोटीवर गेला. त्याला तीन वर्षं झाली होती, आणि पत्र एकही नव्हतं.

"आता ही हलत पण नाय," गोदूबाई म्हणाल्या.

महिपतरावांनी पेटी उघडली. आतलं पाणी केव्हाच आटलं होतं आणि शिशाच्या पत्र्यांवर पांढरा थर चढला होता.

"पेटी मेली, बाई."

गोदूबाई डबे खोक्यात भरू लागल्या.

"थांबा हो! पेटी मेली म्हणजे गाडी मेली असं नाय."

ऑफिसनं मोडीत काढलेल्या चार बरण्या त्यांच्या माळ्यावर होत्या. त्यांनी त्या धुतल्या, नवसागराचं पाणी भरलं, एकीची तार दुसरीला जोडली. गाडी हलली नाही. शेवटच्या दोन तारांची टोकं त्यांनी जिभेला लावली. जीभ चुरचुरली.

"वीज आहे. वाटेत कुठंतरी अडते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रुळांवरचा खाऱ्या वाऱ्याचा गंज खरवडला. तरी नाही. तिसऱ्या दिवशी इंजिन खोलून पुसलं. गोदूबाई रोज सकाळच्या तरीनं येत, ओट्यावर बसून सदूच्या गोष्टी सांगत. महिपतरावांचा हात मुद्दाम सावकाश चालायचा.

चौथ्या दिवशी रुळाकडे जाणारी तार बोटांत मऊ लागली. वरचं सुती आवरण शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. ती बदलताच इंजिन घरघरलं आणि गाडी निघाली. दोन फेऱ्यांनी मंदावली.

"दमली," ते म्हणाले. "बरण्यांना जरा विसावा द्या, पुन्हा धावेल."

गोदूबाई डोळ्यांना पदर लावून हसल्या. "पाणी कमी झालं की काय करू? तुमच्याकडे आणू?"

हो म्हणायचं महिपतरावांच्या ओठांवर आलं होतं. दर महिन्याला त्या आल्या असत्या. पण त्यांनी नवसागर किती घालायचा, कांडी कधी बदलायची, तार कशी तपासायची, सगळं गोदूबाईंच्या हातानं करून घेतलं. त्या एका दुपारीतच शिकल्या आणि गाडी, बरण्या घेऊन तरीनं परतल्या.

पुन्हा त्या आल्या नाहीत. पावसाळा सरल्यावर महिपतराव बाजाराचं निमित्त करून मांडवीला गेले. गोदूबाईंच्या दाराशी पोचले, तेव्हा आतून चाकांची घरघर ऐकू येत होती. गाडी थांबली. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली.

सगळं नीट चाललं होतं. विचारायला काही उरलं नव्हतं. कडीकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला आणि तरीच्या वाटेला लागले.