सोमवारची खरी-खोटी फळं

वडील गेल्यावर मी जबलपूरला काकांच्या घरी वाढले. काका तोफांच्या कारखान्यात सुपरवायझर होते. पासष्टची लढाई सुरू झाली आणि धान्य वाचवायला, देशासाठी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडा, असं आवाहन झालं. काकांनी लगेच कॉलनीभर जाहीर करून टाकलं, "हमारे यहाँ सोमवार को सिर्फ़ फल." घरात आधी विचारायची त्यांची पद्धत नव्हती. या 'सिर्फ़'पायी साबुदाण्याची खिचडीही हातची गेली, हे त्यांना ताटात नुसती केळी पाहून कळलं.

मग जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजारातून त्यांनी स्वतःपुरती सफरचंदं आणली आणि कपाटात ठेवली. किल्ली जानव्याला. काकू पाणी पिऊन झोपायची. तिचा उपास कॉलनीत कुणी जाहीर केला नाही.

मी तेव्हा वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला होते आणि पुढच्या वर्षी माझं कॉलेज बंद करायचं काकांच्या मनात होतं. "काहून शिकून राहिली तू हे? फळं खायची असतात, शिकायची नसतात," असं म्हणायचे. मला शिकायचंच होतं. त्यांच्याशिवाय फी भरणारं कुणी नव्हतं.

एका सोमवारी ते ओव्हरटाइम करून आले आणि केळ्यांकडे असे बघत बसले की मलाही दया आली. थोडीच आली, बाकी रागच होता. मी म्हटलं, "काका, फुलातल्या अंडाशयापासून जे तयार होतं ते फळ. म्हणजे वांगं फळ, टमाटर फळ. गव्हाचा दाणासुद्धा फळच. त्याची साल आतल्या बीला चिकटलेली असते, एवढंच."

"पुस्तकात आहे?"

"आहे."

"अच्छा. मग चलो, पोळ्या टाका."

काकूनं वांग्याचं भरीतही केलं. काकांनी वरण मागितलं, तर मी अडवलं. तुरीची शेंग फळ, डाळ मात्र बी. "आणि काका, सफरचंद नाही चालत. त्याचा गर अंडाशयाचा नसतो, फुलाच्या बुडाचा असतो. खोटं फळ आहे ते."

तोंडात घास असतानाच त्यांनी जानव्याची किल्ली सोडून काकूला दिली. त्या संध्याकाळी काकूनं सफरचंद खाल्लं, सालीसकट.

पुढचे सोमवार मजेत गेले. काका फाटकाशी उभे राहून पोटावरून हात फिरवत शेजाऱ्यांना सांगायचे, "फल पर हूँ, भैया." शेजारी हळहळायचे. मग लढाई थांबली, काही महिन्यांनी लोक सोमवारी पुन्हा जेवू लागले आणि काकांना शास्त्राची गरज उरली नाही. "आता पुरे झालं कॉलेज," ते म्हणाले.

काकू भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरगी शिकून राहिली, तर शिकू द्या. नाही तर मी सांगते कॉलनीत, सोमवारी तुम्ही कोणतं फळ खात होते."

काकांनी स्वतः जाऊन फी भरली.