झोळीतले अणू

अणू शिकवून मी पोट भरलं, पण अणू कधी पाहिला नव्हता. तलासरीच्या ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवायची, आणि नोटाबंदीच्या आधीची ती दिवाळी माझ्या नोकरीतली शेवटची. उन्हाळ्यात निवृत्ती होती. दर वर्षी फळ्यावर गोल काढायचा, मधे ठिपका, भोवती कक्षा, आणि मग सांगायचं की खरा अणू असा नसतोच. मुलं बिचारी दोन्ही गोष्टी वहीत उतरवून घ्यायची. विज्ञान शिकवताना "विश्वास ठेवा" म्हणावं लागणं मला भयंकर खटकायचं. जायच्या आधी एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, एवढीच इच्छा उरली होती, आणि ती घरी बोलून दाखवण्याचा शहाणपणा मी केला होता. सरावलीच्या आमच्या वाडीत चिकूच्या पाट्या भरता भरता नवरा विचारायचा, "काय, दिसला का गं तुझा अणू?"

त्या सुट्टीत माझी एक जुनी विद्यार्थिनी यंत्र घेऊन आली. पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची मुलगी, घरी भात-नागलीची शेती. आता ती मुंबईत एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. मुलांना दाखवण्यासाठी त्यांच्याकडे अणू बघण्याचा एक छोटा मायक्रोस्कोप होता, तो तिने चार दिवसांसाठी मागून आणला. "मॅडम, तुमच्यासाठी आणलाय," एवढंच म्हणाली. मला भरून आलं, आणि ते लपवण्यासाठी मी उशीर का केलास म्हणून तिला झापलं.

मायक्रोस्कोप म्हटल्यावर नळी आणि भिंग अशी माझी समजूत. हा तर चहाच्या डब्याएवढा, आणि त्यात भिंग नाहीच. आत एक तार असते, तिचं टोक इतकं बारीक की शेवटी एखादाच अणू उरावा. ते टोक पृष्ठभागाच्या अगदी जवळ न्यायचं, पण टेकवायचं नाही. मधल्या फटीतून किंचित वीज पलीकडे जाते. उंचवटा आला की जास्त, खळगा आला की कमी. टोक ओळीओळीने सरकत राहतं आणि लॅपटॉपवर वरून खाली चित्र उतरत जातं. हे सगळं मला पुस्तकातून पाठ होतं. तयारी मात्र कुठल्या पुस्तकात एवढी घरगुती वाटली नव्हती. तार पक्कडीने ओढत तिरपी तोडायची, आणि ग्राफाइटच्या चकतीवर सेलोटेप चिकटवून वरचा पापुद्रा सोलून काढायचा, म्हणजे खाली ताजा पृष्ठभाग मिळतो. सेलोटेप! मी पोट धरून हसले.

पहिला प्रयत्न कॉलेजच्या प्रयोगशाळेत. पडद्यावर नुसते ओरखडे. हवेतल्या आणि जमिनीतल्या बारीकशा थरथरीनेही टोक हलतं, आणि आमच्या खिडकीबाहेर तर अहमदाबाद हायवे. मी यंत्राशेजारी उभी राहून एकेका गाडीचा उद्धार करत होते. "आला बघ ट्रेलर! गुजरातची सगळी फरशी आजच मुंबईला पोचवायचीय यांना!" मुलीने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खिडकीकडे. "हायवेच असेल, मॅडम," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी मांडलं. तिथेही तेच. मी नवऱ्याला तत्त्व समजावून सांगत होते, तो मुद्दाम आडवे प्रश्न विचारत होता, आणि ओरखडे काही हटेनात. "रेल्वे असेल," मुलगी म्हणाली. तिसऱ्या दिवशी मी हट्टाने सगळ्यांना वरोरला बहिणीकडे नेलं, कारण तिथे ना ट्रक ना आगगाडी. बहिणीच्या अंगणात बोंबील वाळत होते, बायका यंत्र बघायला जमल्या, मीही उत्साहाने व्याख्यान दिलं. पडदा तसाच. मुलगी किनाऱ्याकडे बघत म्हणाली, "समुद्र असेल, मॅडम." लाटांनी जमीन थरथरते हे खरंच आहे, म्हणून मी मान डोलावली. परतीच्या वाटेवर मात्र मी गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले. रडू येईल असं वाटत होतं. एका दिवसावर आलं होतं सगळं.

चौथ्या दिवशी आम्ही तिच्या पाड्यावर गेलो. चिडवायचा कितीही, पण चारही दिवस गाडी नवऱ्यानेच चालवली. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, आणि वर लाकडाला बाळाच्या झोळीचा दोर अजून तसाच, भावाचा मुलगा रांगता झाला तरी कोणी सोडला नव्हता. प्रयोगशाळेतही अशी यंत्रं रबराला टांगतात, म्हणजे जमिनीची थरथर वर पोचत नाही. मुलीने दोराला सायकलच्या ट्यूब बांधल्या, आईच्या जुन्या लुगड्याची झोळी केली आणि यंत्र आत ठेवलं. जरा नीट लोंबतंय का बघायला मी हात लावणार, तोच तिची आई दारातून म्हणाली, "नको हलवू, बाय. रिकामी झोळी हलवायची नाय."

"रिकामी कुठे? यंत्र आहे आत," मी म्हटलं.

आईने वाकून आत पाहिलं. "मग निजू दे त्याला," ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन तिने अंगणात तेच सांगितलं. खळ्यावरची भाताची झोडणी जेवणासाठी थांबलीच होती. बायका चुलीपाशी कुजबुजत बोलू लागल्या, पोरं आंब्याखाली गेली. झोळीत काही निजलेलं असलं की कसं वागायचं, हे त्या पाड्यावर कोणाला शिकवावं लागत नव्हतं. दारात दोघी बाया उरल्या, आणि श्रोते दिसले की माझा ताबा सुटतो. वीज फटीतून पलीकडे कशी जाते ते मी त्यांना सांगायला लागले.

"बाय, गप बस ना जरा!" मुलीची आई म्हणाली. "तो निजलाय, न तू कितीक वरडतेस!"

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. मी गप्प झाले, रागानेच. तेवढ्यात पडद्यावर नजर गेली. टोकाची थरथर दाखवणारी रेघ सरळ झाली होती. "अगं, म्हणजे..." मी तोंड उघडलं आणि रेघ उसळली. तोंड मिटलं, रेघ शांत. हायवेशेजारच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा म्हणून कमावलेला माझा आवाज! तलासरीच्या एसटी स्टँडवर माझा तास ऐकू येतो, अशी मुलं चेष्टा करायची. मी मुलीच्या कानाशी जाऊन विचारलं, "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

तिने खाली बघत मान डोलावली. "मॅडम, तुम्हाला गप बसा कसं सांगणार?"

हायवे, रेल्वे आणि अख्खा अरबी समुद्र तिने माझ्यावर पांघरूण घालायला वापरला होता. त्यांचाही थोडा वाटा असेल. मला हसू दाबावं लागलं, तिच्यावरचं प्रेमही तिथल्या तिथे गिळावं लागलं, कारण आता बोलायची सोय नव्हती. मी भिंतीशी मांडी घालून बसले. नवरा बाहेर गाडीत जाऊन बसला. मी गप्प बसलेय हे बघवलं नाही, असं नंतर म्हणाला.

चित्र उतरू लागलं. पहिल्या काही ओळींत काहीच कळेना. मग एक फिकट उंचवटा, शेजारी दुसरा, खालच्या रांगेत आणखी. ग्राफाइटमधला दर दुसराच अणू असा दिसतो, हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही. रांगा होत्या. त्या कोणी काढल्या नव्हत्या, फळ्यावरच्या नव्हत्या, आम्ही तिथे येण्याआधीपासून तशाच होत्या. डोळे भरून आले. मी पदर तोंडात धरला. चित्र अर्ध्याच्या पुढे सरकलं, आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"अगं बाई, दिसले! दिसले गं!"

चुलीपाशी कोणाच्या तरी हातातलं भांडं पडलं. नवरा धावत आला. पडद्यावर रांगा तुटल्या आणि खाली नुसते ओरखडे धावू लागले. "उठवलास ना!" मुलीची आई कपाळाला हात लावून म्हणाली. मुलगी हसत होती. "दुसरं काढूया, मॅडम. स्वच्छ येईल."

दुसरं आम्ही काढलं, आणि स्वच्छ आलंही. सुट्टीनंतर बारावीच्या वर्गात मात्र मी पहिलंच लावलं. वर नीट रांगा, खाली सगळा गोंधळ. वरचे अणू आहेत, मी सांगितलं, आणि खाली आहे ती मी. दोन वर्षं माझ्यासमोर बसलेला वर्ग होता तो. कोणीही काही विचारलं नाही, नुसते सगळे हसायला लागले.