हेमराजआप्पांनी वाचवलेला एक टक्का

शहाद्यात कुणाला घर घ्यायचं असलं की तो आधी हेमराजआप्पांकडे जायचा. कागद वाचायला वकील असतात, पण वकील पैसे घेतात. आप्पा सल्ला फुकट द्यायचे, आणि फुकट मिळालेल्या गोष्टीची पारख करायची सवय आमच्या कॉलनीला नाही.

आप्पा मूळचे कळसाडीचे. तिथं ऊस आणि कपाशीची वडिलोपार्जित बागायत. ती धाकटा भाऊ फत्तेसिंग बघायचा. आप्पा स्वतः एका सहकारी संस्थेत नोकरीला होते. तिथं त्यांनी काय काम केलं ते सांगता यायचं नाही, पण कुठला कर कसा चुकवावा, कुठल्या अर्जात काय लिहावं आणि काय लिहू नये, याचं शिक्षण मात्र त्यांनी तिथं पुरतं घेतलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या समोरचं दुमजली घर घ्यायचं ठरवलं.

त्या वेळी कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की राहतं घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सूट मिळते. नवरा-बायको दोघांची नावं घातली तर नाही. आप्पांनी क्षणभरही विचार केला नाही. बायकोचं नाव म्हणजे काय, घराला लावायची पाटी. घर घेतलं मोहिनीवहिनींच्या नावावर.

एवढ्यावर थांबले असते तर ते आप्पा कसले? एवढी रक्कम आली कुठून असं उद्या आयकरवाल्यांनी विचारू नये, म्हणून त्यांनी खरेदीखतात आणखी एक वाक्य घालून घेतलं: खरेदीदाराने ही मिळकत आपल्या स्त्रीधनातून व स्वतःच्या बचतीतून घेतली आहे. वहिनींचं स्त्रीधन म्हणजे आईनं घातलेली एक पोत आणि पाटल्या. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात वहिनींनी दाखवतील तिथं सह्या केल्या, अंगठा टेकवला, कॅमेऱ्याकडे बघितलं. साक्षीदार म्हणून आप्पांनी झोकदार सही ठोकली. त्यानंतर कितीतरी दिवस ते भेटेल त्याला सांगत होते, की सरकारला कसं बनवलं.

तळमजल्यावरच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं दिल्या. भाडेकरू होत्या फुलीबाई वसावे, मूळच्या मोलगीच्या, गावातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स. सोबत त्यांची म्हातारी आई, भिकुबाई. भाडेकरार नोंदवलेला नाही, पावती नाही. नगरपालिकेच्या दप्तरी पूर्ण घर 'मालक वापर', कारण भाड्यानं दिलेल्या भागाला कर जास्त. फुलीबाईंनी एकदा पावती मागितली, तर आप्पांनी त्यांना विश्वासावर प्रवचन दिलं. भाडं मात्र तारखेला लागायचं, तिथं विश्वास चालत नसे.

मग पालिकेची फेरआकारणी निघाली. घरोघर माणसं येऊन खोल्या मोजणार, कोण राहतं ते लिहिणार. आदल्या संध्याकाळी आप्पांनी फुलीबाईंना फर्मावलं, की उद्या खोलीला कुलूप लावा, म्हातारीला कुठंतरी ठेवा, दारातल्या चपला आणि दोरीवरची लुगडी दिसता कामा नयेत. फुलीबाईंनी हात जोडून सांगितलं, की सुट्टी मिळणार नाही आणि गावात नातलग नाही. आप्पा म्हणाले, तो तुमचा प्रश्न. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना फुलीबाईंनी आईला एसटी स्टँडच्या बाकावर बसवलं, जवळ पाण्याची बाटली आणि भाकरीचं फडकं ठेवलं, आणि मी येईपर्यंत हलू नको असं बजावलं.

मे महिन्यातला दिवस होता. शहाद्याच्या स्टँडवर त्या दिवसांत पत्र्याखाली सावली असते, गारवा नसतो.

मोहिनीवहिनी त्या दिवशी प्रकाशा गावाला बहिणीकडे गेल्या होत्या. दुपारी परतीच्या गाडीतून उतरल्या तर बाकावर भिकुबाई, डोक्यावर पदर ओढून, बाटली रिकामी. म्हातारीला भिलीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. वहिनींना तिच्या बोलण्यातलं 'घर' आणि 'साहेब' एवढंच कळलं. पण तेवढ्यातून त्यांनी सगळं ओळखलं, कारण नवऱ्याबरोबर त्यांनी जन्म काढला होता.

रिक्षा करून त्या म्हातारीला घरी घेऊन आल्या. पालिकेची माणसं सकाळीच येऊन गेली होती. बंद खोल्या त्यांना आप्पांनी 'अडगळ' म्हणून दाखवल्या आणि त्यांनी तसं लिहून घेतलं. काम फत्ते झालं, आता त्या म्हातारीला परत आणायला कुणाला तरी पाठवावं, हे आप्पांच्या डोक्यात आलंच नव्हतं. ते आमरस खाऊन कूलरसमोर आडवे झाले होते.

वहिनींनी म्हातारीला आत नेऊन निजवलं. भिकुबाईंना मीठ-साखरेचं पाणी पाजलं, ओल्या फडक्यानं पाय पुसले, आणि फुलीबाई येईपर्यंत त्यांच्या उशाशी बसून राहिल्या. आप्पा उठल्यावर चहा मागत होते. तो त्यांना त्या दिवशी मिळाला नाही.

पुढं कर आकारणीची नोटीस आली. आप्पांच्या मनासारखीच होती, फक्त गच्चीवरची पत्र्याची शेड त्यात धरली होती. अडगळ पचली तशी शेडही पचवावी म्हणून आप्पांनी हरकत घेतली आणि सुनावणीच्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून पालिकेत गेले. लिपिकानं नाव विचारलं, संगणकात बघितलं आणि तुम्ही कोण म्हणून विचारलं.

"घर मन्हं शे," आप्पा म्हणाले.

लिपिकानं मान हलवली. मिळकत मोहिनी हेमराज या नावावर आहे, मालकानं स्वतः यावं नाहीतर अधिकारपत्र पाठवावं. आप्पांनी आवाज चढवला, ओळखीची नावं घेतली, मग आवाज उतरवला. काही उपयोग झाला नाही. घरी येऊन त्यांनी अधिकारपत्राचा कागद वहिनींपुढे टाकला आणि सही कर म्हणाले.

वहिनींनी कागद वाचला. लग्नानंतर नवऱ्यानं पुढं केलेला कागद त्यांनी वाचल्याची ही पहिलीच वेळ असावी. मग त्या पदर सावरून उठल्या आणि म्हणाल्या, मीच येते.

सुनावणीत त्या घरच्या अहिराणीत नाही, शाळेत शिकलेल्या मराठीत बोलल्या, एकेक शब्द मोजून.

"साहेब, शेडबद्दल माझी हरकत नाही. पण तुमच्या माणसांनी जी अडगळ लिहिली आहे, ती अडगळ नाही. तिथे फुलीबाई वसावे आणि त्यांची आई भाड्याने राहतात. तशी नोंद करा. कर वाढेल तो मी भरेन."

आप्पा शेजारीच बसले होते. आयुष्यभर कार्यालयात खोटं बोलण्याची तालीम केलेल्या माणसाला खरं बोलणाऱ्यापुढे काय करायचं ते माहीत नव्हतं.

अधिकाऱ्यानं भाडेकरार मागितला. तो नव्हताच. तेव्हा त्यानंच वहिनींना समजावलं, की करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची असते. तो नसेल तर दंड होऊ शकतो, आणि वाद कोर्टात गेलाच तर आधी भाडेकरू सांगेल त्या अटी धरल्या जातात. वहिनींनी त्याच आठवड्यात फुलीबाईंना सोबत नेऊन करार नोंदवला. घरमालक म्हणून सही मोहिनीवहिनींची, भाडं जमा व्हायचं खातं मोहिनीवहिनींचं.

आता मात्र आप्पांना झोप येईना. त्यांनी नवी युक्ती शोधली. वहिनींनी घर त्यांना बक्षीसपत्रानं द्यावं, मग ते विकून महामार्गाला प्लॉट घेता येईल. नवरा-बायकोत राहत्या घराचं बक्षीसपत्र करायला मुद्रांकही नाममात्र लागतो. म्हणजे पहिल्यांदा टक्का वाचला, आता जवळजवळ फुकटात घर परत. हिशेब त्यांना इतका गोड वाटला, की तो सांगताना ते हसले.

"मी सही करनार नही," वहिनी म्हणाल्या.

"तुले काय समजस त्यामा? पैसा मन्हा, घर मन्हं."

"तुम्हीनच तं लिखाडं, मन्हा पैसा शे म्हनीसन. साक्षीदार बी तुम्हीनच."

आप्पा तडक वकिलाकडे गेले. या वेळी पैसे देऊन. वकिलानं खरेदीखत शांतपणे वाचलं. बायकोच्या नावावर आपल्या पैशानं घर घेतलं असा दावा करता येतो, कायद्यात तशी वाट आहे, असं त्यानं सांगितलं. फक्त तो पैसा आपला होता आणि कुठून आला, हे आप्पांना कागदांनिशी कोर्टात सिद्ध करावं लागेल. शिवाय खतातलं स्त्रीधनाचं वाक्य खोटं होतं आणि त्याखाली आपण जाणूनबुजून साक्षीदार म्हणून सही केली, हेही शपथेवर सांगावं लागेल. आणि मग आयकरवाले विचारतील ते वेगळंच.

आप्पांनी खरेदीखत घडी करून पिशवीत घातलं. पैसा कुठून आला, हा प्रश्न आजवर त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. तो कोर्टात कोण विचारून घेणार?

मग रुसून ते कळसाडीला जाऊन राहिले. तिथं फत्तेसिंगच्या बायकोनं दोन दिवस पाहुणचार केला, तिसऱ्या दिवशी ताटात घरचंच साधं जेवण आलं, आणि आंघोळीला पाणी स्वतः काढून घ्या असं सांगण्यात आलं. आप्पा पहिल्या गाडीनं शहाद्याला परत आले. वहिनींनी दार उघडलं आणि जेवायला वाढलं. कुणी माफी मागितली नाही, कुणी दिलीही नाही.

भिकुबाई अजून मागच्या खोलीत राहतात. संध्याकाळी त्या पुढच्या ओट्यावर येऊन बसतात आणि वहिनी त्यांच्याशी अहिराणीत बोलतात. त्या भिलीत उत्तर देतात. दोघींचं कसं जमतं कोण जाणे, पण खूप वेळ चालतं. त्या बसलेल्या असल्या की आप्पा मागच्या दारानं घरात जातात.

कॉलनीतले लोक सल्ला मागायला अजून त्यांच्याकडेच जातात. आमच्या लोकांना झालेली शोभा दिसत नाही, फक्त फुकट मिळणारं दिसतं.

परवा एका लग्नात फत्तेसिंगनं चारचौघांत विचारलं, की काय दादा, घर विकून महामार्गाला प्लॉट घेणार होतास ना, त्याचं काय झालं. आप्पांनी पंगतीतल्या जिलेबीचा तुकडा मोडला, इकडेतिकडे बघितलं आणि घरमालकाच्या रुबाबात म्हणाले, "आते नही. सध्या बाजार पडेल शे."