टेलरमामांच्या पोटातली कात्री

आमच्या टेलरमामांच्या पोटात डॉक्टर कात्री विसरले, अशी बातमी गल्लीभर फिरत होती. माझ्यापर्यंत येईतो कात्रीसोबत चिमटाही आला होता! खरी गोष्ट अशी, की ऑपरेशनच्या आधी मामाच कळवळून मामींना म्हणाले होते, "अगं, पोटात कात्री चालतेय!" ऐकणाऱ्यांनी कात्री तेवढी उचलली.

शाळेचे गणवेश अडलेत म्हणून मामा दुखणं अंगावर काढत मशीनवर वाकून बसले. "गॅस आहे," म्हणे. गॅस कसला, अपेंडिक्स आत फुटलं आणि पू पोटभर पसरला. मामींनी त्यांना रिक्षात घातलं तेव्हा तापाने अंग भाजत होतं. मामी मला म्हणाल्या, "माणूस घरी परत येईल ना हो?"

सर्जनबाईंनी पोट उघडलं, आत धुऊन काढलं, घाण बाहेर यायला नळी ठेवली. वरची कातडी मात्र शिवलीच नाही.

मामांनी ड्रेसिंगच्या वेळी ते पाहिलं आणि त्यांच्या जिवाला लागलं. उघड्या शिवणीचं कापड त्यांनी जन्मात कधी गिऱ्हाइकाच्या हाती दिलेलं नाही.

"डॉक्टरीणबाई, दोरा संपला का हो?"

"मामा, आत घाण असताना वरून टाके घातले तर पू आतच कोंडेल. जखम स्वच्छ होऊ द्या, मग शिवते."

"तोवर मी असाच, अर्धवट?"

"तोवर तुम्ही जिवंत!"

मामा मामींना हळूच म्हणाले, "बाईंच्या कोटाचा खिसा उसवलाय बघ." तेव्हा कुठे मामी रडल्या. माणूस परत आला, हे त्यांना खिशावरून कळलं.

जखम स्वच्छ झाली तशी बाईंनी टाके घातले. दुकान उघडल्यावर मामांनी पहिला तो कोट मागवून घेतला आणि खिसा असा शिवला, की आता कोट फाटेल, खिसा नाही. पैशाचं नावही काढू दिलं नाही.

मी कधीचा शिवायला टाकलेला ड्रेस मात्र खुंटीवरच. परवा मी टोमणा मारलाच, "काय मामा, अजून शिवण उघडीच?"

मामा मशीनवरून मानही वर न करता म्हणाले, "शिवण उघडी ठेवली म्हणून मी वाचलो, ताई. तुमचा ड्रेसही वाचेल."