दाजींचा अंबाडीचा दोर

शिकारीला लागणारी एकूण एक वस्तू माझ्या दाजींकडे होती. फक्त बंदूक नव्हती, आणि शिकार करायची इच्छाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. बसवकल्याणला हायस्कुलात गणित शिकवायचे आणि उरलेला जन्म राहुटी, पेट्रोमॅक्स, पाण्याची छागळ, स्टोव्ह, सुरे आणि दोर यांच्या सेवेत घालवायचे. "बंदूक दुसऱ्याची चालतीय, पण बत्ती आपलीच पायजे," असं म्हणत. गुलबर्ग्याचे दोन वकील सुट्टीत जीप घेऊन रानात जायचे. त्यांना बंदोबस्ताला असा माणूस हवाच होता. पण निघायच्या आदल्या दिवसापासून अक्काच्या घरात परीक्षेच्या हॉलसारखी शांतता पसरे. कुणी मोठ्यानं शिंकलं तरी बत्तीचं मेंटल फाटलं की काय म्हणून दाजी धावत. स्टोव्हच्या पिना डबीत, डबीला फडकं, फडक्याला गाठ, आणि गाठ मनासारखी बसली नाही की सगळं पुन्हा पहिल्यापासून. बाहेर जीपचा हॉर्न कोकलत असे आणि वकीलसाहेब ओरडत, "हौर कित्ती देर मास्तर? हिरन बुड्ढे हो जारैं!" दाजी ढिम्म.

सगळ्यांत जास्त लाड दोराचे. चांगला जाडजूड अंबाडीचा दोर, चिखलातून जीप ओढून काढील असा. प्रत्यक्षात त्यानं कधी काडीही ओढली नव्हती, कारण दाजी तो कुणाला देतच नसत. जाण्याआधी आणि आल्यावर डोळे मिटून ते तो दोर टोकापासून टोकापर्यंत बोटांमधून सरकवत. मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्या टोकापासून सुरुवात. "डोळ्याला दिसत न्हाई ते बोटाला कळतंय," म्हणायचे. अक्का स्वयंपाकघरातून ऐकवायची, "माझा हात तेवढा कधी असा धरला न्हाई ह्या माणसानं!"

पुढे सरकारनं शिकार बंद केली, वकिलांनी जीप विकली, पण दाजींची तयारी काही थांबली नाही. शेवटी अक्कानं वैतागून ते सगळं बिऱ्हाड शेतातल्या खोलीत हलवलं. खंडेनवमीला लोक घरातली हत्यारं, अवजारं पुजतात. दाजी बत्तीपासून चिमट्यापर्यंत सगळं मांडून हळदीकुंकू वाहत. एकदा पुजलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, यावर ते फार कडक होते.

त्या वर्षी खंडेनवमीला मीही शेतात होतो. पूजेत उठून दिसावा म्हणून दाजींनी कितीतरी दिवस दोराला करडईचं तेल चोळलं होतं. दोर नुसता चमकत होता. पूजा झाली आणि माळेला झेंडू कमी पडला म्हणून अक्का विहिरीकाठची फुलं तोडायला गेली. काठावरचा दगड निसटून पाण्यात पडल्याचा आवाज आला, आणि त्यामागोमाग तिची किंकाळी.

आम्ही धावलो. पावसाळ्यात विहिरीच्या पायऱ्या ढासळलेल्या. अक्का गळ्यापर्यंत पाण्यात मोटरच्या पाइपाला धरून लोंबकळत होती. तिला पोहता येत नव्हतं. मी खोलीत जाऊन पूजेतला दोर उचलून आणला, तर दाजींनी तो माझ्या हातातून हिसकावला. मला वाटलं, ह्या माणसाला आत्ता पूजा आठवली. पण नाही. दाजींनी डोळे मिटले आणि दोर बोटांतून सरकवायला सुरुवात केली!

"दाजी, टाका आता दोर!" मी ओरडलो आणि लगेच जीभ चावली. मध्ये बोललो म्हणून हे पुन्हा पहिल्या टोकाला गेले तर?

खालून अक्काचा आवाज आला, "अवं, काय करायलाव तिथं? हात सुटायलाय माझा!"

"धर घट्ट. आलो," दाजी म्हणाले. बोटं सरकतच राहिली.

दोर जवळजवळ अर्धा सरकला आणि त्यांची बोटं थांबली. वरून सगळा दोर चमकत होता. पण तिथं खालच्या अंगाला उंदरांनी तो पार पोखरला होता. शेतातले उंदीर तेलाच्या वासाला येणारच. दाजींनी पूजेतला सुरा मागवला, तेवढा तुकडा कापून टाकला आणि दोन टोकांची गाठ मारली. आयुष्यभर खाटेच्या पायाला गिरवलेली ती गाठ. दोरावर पाय देऊन ती सगळ्या ताकदीनं ओढून पाहिली. मग दोराचं एक टोक कडुनिंबाला बांधून दुसऱ्या टोकाचा फास त्यांनी खाली सोडला.

"काखंतून घे! दोन्ही काखंतून!"

आम्ही दोघं ओढू लागलो. काठाच्या दगडावर येताना गाठ करकरली. पण गाठ धरून राहिली, आणि अक्काचं ओलं डोकं वर आलं.

काठावर बसून धाप जरा खाली आल्यावर तिनं पहिलं काय विचारलं असेल? "एवढा येळ कामून लावलाव?"

दाजींनी तो कापलेला तुकडा तिच्यासमोर धरून नुसता वाकवला. तो मधोमध तुटून पडला. "मीच तेल लावलो गं," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले. मग कुठं लागलंय का ते बघायला त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि डोळे मिटून खांद्यापासून बोटांपर्यंत चाचपत गेले. अक्का एक शब्द बोलली नाही. मध्ये बोललं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, हे तिला माहीत होतंच. ते बोटांपर्यंत पोचले तेव्हा ती हळूच म्हणाली, "नीट बघा की."

आता दाजी नाहीत. खंडेनवमीला अक्काच ते सगळं मांडते, दोराला तेल मात्र लावत नाही. यंदा जेवणाला उशीर होतोय म्हणून मी म्हणालो, "अक्का, आवर की."

ती डोळे मिटून दोर सरकवत होती. गाठीपाशी तिची बोटं थांबली आणि बराच वेळ तिथंच राहिली. मला दाजींची फार आठवण आली.

"बोललास न्हवं मधीच," ती म्हणाली, आणि तिनं पुन्हा दोराचं पहिलं टोक हातात घेतलं.