नेपल्सच्या गल्लीतल्या आजी

मी एकटीच नेपल्सला निघाले, तेव्हा पुण्यातल्या आमच्या सोसायटीने मला तिथल्या चोरांबद्दल पुरेसं घाबरवून ठेवलं होतं. जुन्या वस्तीतल्या एका अरुंद गल्लीत मी खोली घेतली. पहिल्याच दिवशी समोरच्या बाल्कनीतल्या आजींनी हाका मारून, खुणा करून मला पर्स गळ्यात आडवी अडकवायला लावली.

दुसऱ्या संध्याकाळी मी वाट चुकले. परतले तर आजी शेजाऱ्यांना घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्या बराच वेळ इटालियनमध्ये रागावल्या.

"अहो, वाट चुकले," मी मराठीत सांगितलं.

त्यांचं समाधान झालं नाही, पण हात धरून त्यांनी मला दारापर्यंत सोडलं.

फोनवर नवऱ्याने विचारलं, "एकटीला सुरक्षित आहे ना तिथे?"

"आहे," मी म्हटलं. "एकटं कोणी राहूच देत नाही."