दुसऱ्या ओळीतली बहीण

छापखान्यात सगळे त्यांना अनुस्वारबाई म्हणायचे, अर्थात पाठीमागे. समोर काकू. बत्तीस वर्षं त्या मुद्रितं तपासत होत्या. मी अक्षरजुळणीला लागले तेव्हा माझ्या पहिल्याच पानावर त्यांनी एकवीस लाल खुणा केल्या आणि म्हणाल्या, "अगं, अनुस्वार म्हणजे काय पावसाचे थेंब आहेत, पडले तिथे पडले?"

पूर्वी हे काम दोघींनी मिळून करायचं असे. एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसरीने छापलेल्या पानावर नजर ठेवायची. काकूंची जोडीदारीण निवृत्त झाली आणि तिच्या जागी कुणी आलंच नाही. घरीही तीच गत. त्यांनी लग्न केलं नव्हतं; जन्म थोरल्या भावाच्या घरात काढला. भाऊ गेला, वहिनी लेकाकडे राहायला गेली, तीन खोल्यांत काकू उरल्या. सोमवारी कामावर आल्या की पहिला शब्द खाकरून काढावा लागायचा. शनिवारपासून कुणाशी बोलणंच झालेलं नसे.

त्या वर्षी एका निवृत्त प्राध्यापकांचं पुस्तक आमच्याकडे छपाईला आलं. पहिल्या शतकातल्या एका ख्रिस्ती घरी आलेलं छोटंसं पत्र, आणि त्यावर सरांचं अडीचशे पानांचं भाष्य. पत्र लिहिणारा तुरुंगात. ज्याला लिहिलं तो घरधनी. त्याच्यापासून दुरावलेला गुलाम लेखकाजवळ आलेला. त्याला तो परत पाठवतो आहे आणि विनवतो आहे, की याला आता गुलाम म्हणून नको, भाऊ म्हणून घरात घे.

चौथ्या दिवशी काकूंनी सरांना बोलावणं धाडलं. सर आले. मी शेजारच्याच टेबलावर होते.

"सर, सुरुवातीला 'तुम्ही' आहे, मग पत्रभर 'तू', आणि शेवटी पुन्हा 'तुम्ही'. एकच काहीतरी ठेवू या का?"

सर खूश झाले. "बरोबर पकडलंत! पण चूक नाही ती. मूळ भाषेत तसंच आहे. त्या भाषेत आदराचं 'तुम्ही' नव्हतं. 'तुम्ही' म्हणजे सगळे जण."

"सगळे म्हणजे ती बाईसुद्धा?"

"कोण बाई?"

"दुसऱ्या ओळीतली. पत्र तिच्याही नावाने आहे."

"ती होय! ती बहुधा घरधन्याची बायको."

"असं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. पूर्वापार तसं मानतात."

"पत्रात तर तिला 'बहीण' म्हटलंय," काकू म्हणाल्या. "ती बहीण म्हणून आली, आणि आपण तिला बायको करून टाकलं."

सर हसले. मग हसू आवरून म्हणाले, "तुम्हीच लिहा की यावर. पुस्तकाच्या शेवटी जोडू."

काकूंनी ते मनावर घेतलं. रद्द झालेल्या पानांच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत मला वाचून दाखवायच्या. घरी जमलेल्या मंडळीत पत्र मोठ्याने वाचलं जातंय, ती बाई ऐकत बसली आहे. सुरुवातीला तिचं नाव येतं. मग 'तू' सुरू होतं, ते फक्त त्या पुरुषाशी. आलेल्या माणसाला घरात घ्यायचं, म्हणजे त्याचं अंथरूण कुठे घालायचं, उद्यापासून पाणी कुणी भरायचं, हे तिला कुणी विचारत नाही. "मला माहीत आहे गं ते," काकू म्हणाल्या. "दादाला पत्रं यायची. वर मायना त्याला, शेवटी 'घरच्यांना नमस्कार'. त्या घरच्यांत मी."

महिनाभर हे छान चाललं. मग एके दिवशी त्या रिकाम्या हातानेच आल्या. लिहिलेली सगळी पानं फाडून टाकली होती.

"काय झालं काकू?"

"मी तिला गरीब गाय करून ठेवलं होतं. कशावरून? त्या गुलामाला घरात सगळ्यात जास्त राबवणारी तीच नसेल कशावरून? अख्ख्या पत्रात तो एक शब्द बोलत नाही, आणि मी हिच्याच नावाने रडत बसले." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "तीस वर्षं मी कामावरून घरी गेले, हातपाय धुतले आणि वाढलेल्या ताटावर बसले. वाढणारी वहिनी. जेवल्यावर मी कधी माझं ताटसुद्धा उचललं नाही. मिळवती ना मी!"

त्यांनी छापखान्यातूनच वहिनींना फोन लावला. काकू सारखं "नाही, बरी आहे तब्येत" म्हणत होत्या, त्यावरून पलीकडे काय चाललंय ते कळत होतं. शेवटी एकदाचं त्यांनी विचारलं, "वहिनी, माझा राग यायचा का हो तुम्हाला?"

फोन ठेवल्यावर मी नुसतं पाहिलं.

"म्हणाली, भांडी घासताना यायचा."

काकूंनी नव्याने लिहिलं. या वेळी बाईही होती आणि गुलामही, आणि कुणालाच देव्हाऱ्यात बसवलं नव्हतं. चौदा पानं झाली. सरांनी वाचली, वाखाणली, पण पुस्तक आधीच फुगलं होतं. चौदा पानांची एक तळटीप झाली. ती मीच जुळवली: 'एका जागरूक वाचकाने निदर्शनास आणून दिल्याप्रमाणे...'

"काकू, 'वाचकाने'? बदलते मी."

"लेखकाचं वाक्य आहे. आपण चुका दुरुस्त करायच्या."

"ही चूकच आहे!"

त्यांनी समासात एक लाल प्रश्नचिन्ह तेवढं काढलं. सरांकडून पान परत आलं. प्रश्नचिन्हाशेजारी बारीक अक्षरात उत्तर होतं: 'वाचक या शब्दात स्त्री-पुरुष दोन्ही येतात.' काकूंनी ते वाचलं, पान उलटलं आणि पुढे तपासत राहिल्या. ती चौदा पानं मी माझ्याकडे ठेवून घेतली. अजून आहेत.

पुस्तक निघाल्यावर वहिनी पंधरा दिवस राहून गेल्या. काकूंनी जन्मात पहिल्यांदा कुणाला रांधून वाढलं. "भाजी अळणी झालीय, वन्सं," वहिनी म्हणाल्या, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. हे सांगताना काकूंचा चेहरा असा उजळला होता की मला राहवलं नाही.

"मग इथेच राहा म्हणायचं ना त्यांना."

"म्हटलं की. बस सुटायच्या आधी दोनदा म्हटलं."

"मग?"

"म्हणाली, लेकाकडे मला माझी वेगळी खोली आहे, वन्सं. दार आतून लावता येतं."

काकूंनी पुढचं पान समोर ओढलं. "खरंच आहे तिचं," म्हणाल्या. मी चहाला चला म्हटलं. नको म्हणाल्या, सोळा पानांचा एक फॉर्म तपासून संपवायचा होता.